अंगावर काढलेली दुखणी

सांगलीहून मिरजेला निघाले की मध्ये विश्रामबाग लागते. इथे १९१९ सालचे विलिंग्डन कॉलेज आहे, १९४७ सालचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेजारी वानलेसवाडी. पुढे मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल आणि सरकारी मेडिकल कॉलेज. मागे सांगलीत सिव्हिल हॉस्पिटल, आणि गोकुळनगर ही देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती. एवढ्याशा टापूत जनुकशास्त्र शिकवणारे वर्ग आहेत, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, औषधे आहेत आणि रोगीही आहेत. तरीही लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांविषयी इथे सर्वांत मोकळेपणाने आणि बऱ्याचदा सर्वांत अचूक बोलणे कुठे ऐकू येते, तर गोकुळनगरात. वर्गात तो भाग ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उरकला जातो. दवाखान्यात आवाज खाली जातो. घरात विषयच नाही. ज्या बायकांना आपण या रोगांबद्दल शतकभर दोष दिला, त्यांना निरोध, गरमीची व्हीडीआरएल तपासणी, सीडी-४ पेशींची मोजणी हे शब्द तोंडपाठ आहेत, आणि पदवीधर जावयाला लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलवाल्याकडे ‘जरा बाजूला या’ म्हणावे लागते. ही प्रस्तावना या उलट्या कारभारापासून सुरू करणे मला भाग वाटते.

या पुस्तकाचा विषय त्या रोगांचे जंतू आणि त्या जंतूंची जनुके हा आहे. कोणी कोणाशी कसे वागावे याबद्दल यात एकही प्रकरण नाही. माणसे या रोगांचा निवाडा चारित्र्यावरून करत आली, आणि त्या निवाड्याने एकही रोग कमी झाला नाही. जंतूची अडचण काय आहे आणि त्याने ती कशी सोडवली, हे एकदा नीट कळले की या रोगांच्या वागण्यातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

अडचण अशी. पटकीचा जंतू पाण्यातून जातो, क्षयाचा हवेतून, हिवतापाला डास मिळतो. परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), क्लॅमिडिया यांचे जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाहीत. वाळले की मेले, गार पडले की मेले. एका माणसाच्या ओल्या नाजूक त्वचेवरून दुसऱ्याच्या तशाच त्वचेवर, हीच त्यांची मुख्य वाट. ती वाटही रोज उघडी नसते. पटकी रोग्याला दोन दिवसांत आडवे पाडते, तरी तिचे काही बिघडत नाही, कारण पुढचे काम पाणी करते. या जंतूंना रोगी आडवा पडलेला परवडत नाही. तो चालता-फिरता, हसता-बोलता, लग्नाला उभा राहण्याजोगा हवा. म्हणजे जंतूला दोन गोष्टी साधाव्या लागतात : दीर्घकाळ शरीरात टिकायचे, आणि त्या काळात बोभाटा होऊ द्यायचा नाही. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून ज्या वंशांना हे जमले ते उरले. म्हणून क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य बायकांना काहीच जाणवत नाही, परम्याची निम्म्याच्या आसपास बायकांत खूणही दिसत नाही, आणि गरमीचा पहिला फोड दुखतच नाही. तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि माणूस समजतो, बरे झाले.

दुखणे अंगावर काढायची आपली जुनी सवय, विशेषतः घरातल्या बाईची, या जंतूंच्या पथ्यावर पडली ती अशी. जंतू गप्प, रोगी गप्प, डॉक्टर संकोचलेले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोगांपैकी काही ना काही होते, आणि सरासरी दर बाईमागे ३.६ दुखणी. आधी कधी तपासणी करून घेतलेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. ९२ टक्क्यांचा हा आकडा जगभर उद्धृत होतो, महाराष्ट्रात मात्र तो फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यातली सगळी दुखणी संसर्गातून आलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण बाई कण्हत नाही म्हणजे ती निरोगी आहे, हा समज त्या दोन गावांनी कायमचा खोटा ठरवला.

आता एकेका जंतूकडे वळू. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे रंजक नाहीत.

गरमी, म्हणजे उपदंश, हा कागदोपत्री जुना पाहुणा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची मोठी साथ आली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पुढच्या काळात हा रोग हिंदुस्थानात ओळखीचा झाला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त भावमिश्राने त्याला फिरंग रोग म्हटले आणि चोपचिनी व रसकर्पूर ही औषधे सांगितली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात चोपचिनीला वेगळे प्रकरण दिले आहे. तिकडे इटालियन लोक याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच नेपल्सचा. दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्याची ही पद्धत पुढे एड्सच्या वेळी जशीच्या तशी वापरली गेली.

त्याचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना दिसला : पिळदार, फिकट, ट्रेपोनेमा पॅलिडम. १९९८ साली त्याची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली. सुमारे ११ लाख ३८ हजार अक्षरे, हजाराच्या आसपास जनुके. आपल्या आतड्यातल्या साध्या ई-कोलायकडे याच्या चौपट मजकूर असतो. गरमीच्या जंतूने बहुतेक अमिनो आम्ले आणि मेदाम्ले स्वतः बनवण्याची जनुके गमावली आहेत; जे लागते ते माणसाकडून घेतो. इतका परावलंबी, की शतकभर कोणालाही तो काचेच्या बशीत वाढवता आला नाही. सशांच्या शरीरात तो जिवंत ठेवावा लागे. सशाच्या पेशींबरोबर त्याला प्रयोगशाळेत सलग वाढवणे जमले ते थेट २०१८ साली. शिवाय त्याच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिने इतकी विरळ, की आपल्या संरक्षक पेशींना पकडायला जागाच सापडत नाही. गरीब जनुकसंहिता ही इथे दुबळेपणाची खूण मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. १९४३ पासून पेनिसिलिन या रोगावर वापरात आहे आणि आजही लागू पडते. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. एका अक्षराच्या बदलाने तो ॲझिथ्रोमायसिनला मात्र दाद देईनासा होतो, आणि तसे वंश जगभर पसरले आहेत. इतके स्वस्त, इतके खात्रीचे औषध असूनही गरोदर बाईची रक्ततपासणी राहून गेल्यामुळे बाळ जन्मतः गरमी घेऊन येते, तेव्हा त्याला जंतूचे यश म्हणता येत नाही.

परम्याचा जंतू अगदी वेगळ्या वृत्तीचा. अल्बर्ट नायसरला तो १८७९ साली सापडला. जोडीजोडीने राहणारे गोल दाणे, माणसाशिवाय कोणात नैसर्गिकपणे न आढळणारे. पेशीला चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात. आपले शरीर त्या तंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती तयार होईपर्यंत तंतू बदललेला असतो. तंतूच्या प्रथिनाचे एक जनुक चालू असते. बाजूला त्याच धाटणीच्या अनेक मूक, अर्धवट प्रती साठवलेल्या असतात. जंतू त्यांतले तुकडे उचलून चालू जनुकात बसवतो. पेटाऱ्यात पोलीस, पोस्टमन, देव सगळ्यांचे कपडे घेऊन हिंडणारा बहुरूपी दर दारात वेगळा दिसतो, तसा हा. त्यामुळे परमा एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. त्याच माणसाला तो कितीदाही होतो. १९८० च्या दशकात या तंतूवर बेतलेली लस सैनिकांना टोचून पाहिली. ती फसली, आणि का फसली हे आता वेगळे सांगायला नको.

त्याची दुसरी करामत अधिक चिंतेची. आजूबाजूला मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए तो सरळ आत ओढून घेतो. आपल्या गोतातला कोणता आणि परका कोणता हे ओळखण्यासाठी त्याच्याकडे दहाएक अक्षरांची खूण आहे. ती दिसली की उचल. आपल्या घशात परम्याच्याच नायसेरिया कुळातले निरुपद्रवी जंतू राहतातच. आपण सर्दीखोकल्यासाठी खाल्लेल्या प्रत्येक अँटिबायोटिकला ते हळूहळू सरावतात. मुखमैथुनातून परमा घशात पोचला की तो या नातलगांकडून सरावलेल्या जनुकांचे तुकडे घेतो, आणि घशातला परमा बहुधा मुका असतो. सेफिक्झिमसारख्या औषधांना निष्प्रभ करणारे जनुक अशाच ठिगळांतून शिवलेले आहे, हे त्याची अक्षरे वाचली की दिसते. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली आणि दहा वर्षांत निकामी झाली. १९७६ साली पेनिसिलिन तोडणारे वितंचक बाळगणारे जंतू सापडले. नंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन गेले. २०१८ साली इंग्लंडमध्ये शेवटच्या भरवशाच्या सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणाऱ्या परम्याचा रोगी नोंदला गेला. डीएनए उचलताना या जंतूने माणसालाही सोडलेले नाही. २०११ साली असे आढळले की तपासलेल्या परमा जंतूंपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या अंगात मानवी डीएनएचा ६८५ अक्षरांचा तुकडा बसलेला आहे.

हे वाचल्यावर मेडिकलच्या काउंटरवर ‘दोन-तीन गोळ्या द्या’ म्हणून मागितलेल्या अर्धवट डोसाचा अर्थ बदलतो. तो केवळ त्या माणसाचा निष्काळजीपणा राहत नाही. त्याची किंमत पुढे ज्या कोणाला परमा होईल त्याने मोजायची असते.

क्लॅमिडियाबद्दल थोडक्यात. हा पेशीच्या आतच वाढतो, जनुकसंहिता साडेदहा लाख अक्षरांच्या आत, आणि सोबत एक छोटे डीएनएचे कडे. हा न बोलता गर्भनलिकांत जातो, तिथे व्रण करतो. पाचसात वर्षांनी मूल होत नाही म्हणून बोल बाईला लागतो, आणि ज्याच्याकडून तो आला त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तपासणीची काही यंत्रे त्या कड्यातला एक ठरावीक भाग शोधून रोग आहे की नाही ते ठरवत. २००६ साली स्वीडनमध्ये लक्षात आले की काही भागांत रोग्यांची संख्या अचानक घटली आहे. आनंद करण्याआधी तिथल्या लोकांनी शंका घेतली. कड्यातला नेमका तोच ३७७ अक्षरांचा तुकडा गळालेला एक वंश तयार झाला होता, यंत्राला तो दिसत नव्हता, आणि उपचार न झाल्यामुळे तो बिनधास्त पसरत होता. यंत्र काय शोधते यावर जंतूची निवड होते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, एचपीव्ही, तर जेमतेम ८ हजार अक्षरांचा. त्याच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या बहुसंख्य कर्करोगांच्या मुळाशी आहेत. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने आपल्या पेशीतल्या दोन पहारेकऱ्यांना, पी-५३ आणि आरबी यांना, निकामी करतात. एरवी त्यांना आवर घालणारे ई-२ हे विषाणूचेच जनुक असते. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसताना ते बऱ्याचदा तुटते, आणि मग पेशीची वाढ बेबंद होते. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली प्रकार १६ वेगळा काढला; त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. ज्यांच्यात मुक्काम करतो त्यांना कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ मिळतो, पकडायची इच्छा असेल तर.

ही इच्छा मराठवाड्यात सिद्ध झाली आहे. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट करून काहींत एचपीव्हीची डीएनए तपासणी, काहींत इतर पद्धती, काहींत नेहमीचीच व्यवस्था. २००९ साली निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच झालेल्या डीएनए तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आज जगात कुठेही या तपासणीचे धोरण ठरताना या अभ्यासाचे नाव निघते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लसही २०२३ पासून बाजारात आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. ही लस शरीरसंबंध सुरू होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात दिली तर सर्वांत उपयोगी. आईबाप इथेच अडखळतात. मुलीला धनुर्वाताची लस देताना ती गंजक्या खिळ्यावर पाय देणार आहे का, असे कोणी विचारत नाही.

आता एचआयव्ही. सांगलीबद्दल लिहिताना याला डावलून चालणार नाही.

या विषाणूचा सगळा मजकूर ९,७०० अक्षरांचा, नऊ जनुकांचा. तो आरएनएमध्ये असतो आणि पेशीत शिरल्यावर उलट दिशेने डीएनएत उतरवला जातो. उतरवणारे वितंचक चुका दुरुस्त करत नाही. उपचार न घेणाऱ्या माणसात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे संहितेतल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराचा संभाव्य बदल रोज कुठेतरी होऊन जातो. एकच औषध दिले तर त्याला पुरून उरणारा विषाणू आधीच हजर असतो. तीन औषधे एकत्र दिली तर तिन्हींना एकाच वेळी चकवणारा योगायोगाने जुळून येणे फार कठीण. एआरटी या एचआयव्हीवरच्या उपचाराचे सगळे तर्कशास्त्र एवढ्यावर उभे आहे. गोळी चुकवू नका, हे समुपदेशक कंटाळा येईपर्यंत का सांगतात, तेही यातच आले. भारतात हे उपचार सरकारी दवाखान्यांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले.

१९८६ साली चेन्नईत सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातले पहिले संसर्ग शोधले, तेही देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्तात. लोकांनी त्यावरून ठरवून टाकले की हा त्यांचाच रोग. विषाणूच्या वंशवृक्षाने वेगळे चित्र दाखवले. भारतात आढळणारा विषाणू प्रामुख्याने सी उपप्रकाराचा आहे आणि त्याचे नाते दक्षिण आफ्रिकेच्या टापूतल्या विषाणूंशी जुळते. त्याआधीचे मूळ दक्षिणपूर्व कॅमेरूनमधल्या चिंपांझींच्या विषाणूपर्यंत जाते, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत. बंदरे, रेल्वे, खाणी, पुरुषांचे लोंढे, असा त्याचा प्रवास. सांगली-मिरजेचे चित्र त्यात सहज बसते. मिरज जंक्शन, हळदीचा आणि गुळाचा बाजार, पुणे-बंगळूर रस्त्यावरची ट्रकची वर्दळ, कर्नाटकची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि घर सोडून महिनोन्महिने परमुलखात राहणारे कष्टकरी. यांतल्या कोणाकडेही बोट दाखवायचे कारण नाही. माणसे पोटासाठी हिंडतात, विषाणू त्यांच्याबरोबर हिंडतो.

१९९० च्या दशकात आणि नंतरही राज्यातल्या जास्त प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत सांगलीचे नाव येत राहिले. १९९२ साली मीना सरस्वती सेषू यांनी इथे ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू केले. त्या काळी सरकारी दृष्टी अशी, की वेश्या म्हणजे रोगाचा साठा आणि तिच्यापासून समाजाला वाचवायचे. संग्रामने वस्तीतल्या बायकांनाच कामाच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांनीच एकमेकींना निरोध वाटले, गिऱ्हाइकाला कसे पटवायचे ते शिकवले, आजारी बाईला घेऊन सिव्हिलमध्ये रांगेत उभ्या राहिल्या आणि तिथे कोणी हिडीसफिडीस केले तर भांडल्या. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना झाली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प. हे नाव मुद्दाम निवडलेले आहे आणि ते ऐकून नाक मुरडणाऱ्यांची त्यांना पर्वा नाही.

जीवशास्त्राच्या नजरेने यात काय घडले? संसर्गाच्या साखळीत ज्यांचे संबंध जास्त जणांशी येतात, त्यांच्या ठिकाणी साखळी तुटली तर सर्वांत जास्त फायदा होतो. हे कोणत्याही साथरोगतज्ज्ञाला गणिताने कळते. पण ती साखळी तिथे तोडायची तर तिथल्या बाईला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, पोलिसाचा धाक कमी झाला पाहिजे, दवाखान्यात खुर्ची मिळाली पाहिजे. गोकुळनगरातल्या बायकांनी गणित न मांडता हे केले.

आणि घरातल्या बाईचे काय? पुण्याच्या लैंगिक रोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ च्या काळात आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. देहविक्रय करणाऱ्यांपैकी ४९.९ टक्के एचआयव्ही बाधित होत्या. न करणाऱ्यांपैकी १३.६ टक्के, यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आला नव्हता. पातिव्रत्याने एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही, हे इतक्या निर्विवादपणे सांगणारा दुसरा कागद मी वाचलेला नाही. त्यांना रोग झाला तो लग्न केल्यामुळे.

यात इतर लैंगिक रोगांचाही हात असतो. गरमीचा किंवा नागिणीच्या कुळातल्या जननेंद्रिय-हर्पिसचा फोड म्हणजे उघडे दार. शिवाय सूज आली की तिथे सीडी-४ या संरक्षक पेशी गोळा होतात, आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात. परम्यावर वेळेत उपचार करणे हे एचआयव्ही रोखण्याचेच काम आहे. पुढे सीडी-४ पेशी घटल्या की शरीरात वर्षानुवर्षे झोपलेला क्षय उठतो. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे दोन रोग एकमेकांना कसे धरून असतात ते सांगायची गरज नसावी.

माणसाच्या जनुकांचाही एक भाग आहे, पण त्याचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झाला. सीसीआर-५ या प्रथिनाच्या जनुकातली ३२ अक्षरे दोन्ही प्रतींत गळालेली असतील तर एचआयव्हीच्या बहुतेक वंशांना पेशीत शिरता येत नाही. उत्तर युरोपात शंभरात एखादा असा असतो. भारतात हा बदल अगदी दुर्मीळ आहे, तेव्हा त्यावर कोणी विसंबू नये. आपल्याकडे जाहिरातीतल्या काढ्यांनी ‘प्रतिकारशक्ती’ वाढवण्याचा जो धंदा चालतो, त्याचा या शास्त्राशी काडीचा संबंध नाही.

जनुकांच्या वाचनाने दिलेली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. नियमित उपचाराने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झालेल्या माणसांकडून जोडीदाराला संसर्ग होतो का, हे युरोपात शेकडो जोडप्यांवर पाहिले गेले. निष्कर्ष २०१६ आणि २०१९ साली आले. काही जोडीदारांना संसर्ग झाला होता. त्यांच्या विषाणूची अक्षरे घरातल्या जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिली, तर एकही जुळला नाही. ते बाहेरून आलेले होते. उपचारावर असलेल्याकडून झालेले संसर्ग : शून्य. हेच तंत्र उलटे वापरून कोणी कोणाला रोग दिला हे कोर्टात सिद्ध करायचा मोह होतो, आणि तो धोकादायक आहे. दोन विषाणू जवळचे निघाले म्हणून कोणाकडून कोणाकडे गेला ते ठरत नाही. मध्ये तिसरा असू शकतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रोग्याच्या गोपनीयतेचे रक्षण केले आहे, ते याही कारणाने मोलाचे आहे.

आपल्या सरकारी व्यवस्थेबद्दल एक तक्रार नोंदवतो. लैंगिक रोगांसाठी सुरक्षा क्लिनिकांत रंगीत किट मिळतात : स्राव असेल तर करडे किंवा हिरवे, फोड असेल तर पांढरे, हर्पिसला लाल, पोटात दुखत असेल तर पिवळे. लक्षण पाहून औषध द्यायचे, प्रयोगशाळेची वाट पाहायची नाही. ज्या काळात तपासणी परवडत नव्हती त्या काळात ही योजना शहाणपणाची होती आणि तिने पुष्कळ लोक बरे केले. पण या जंतूंचे सारे कसब लक्षण न दिसू देण्यात आहे, हे आपण पाहिले. लक्षणावर आधारलेली योजना त्यांच्यापैकी निम्म्यांना, त्यातही बायकांतल्या रोगाला, सोडूनच देते. डीएनए शोधणारी यंत्रे आता क्षय आणि कोविडच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत. ती परमा आणि क्लॅमिडियासाठी वापरायला कोणी हात धरला आहे?

मराठीत हे लिहिण्याला परंपरा नाही असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले आणि १९२७ ते १९५३, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना जनुके ठाऊक नव्हती, पेनिसिलिनही आयुष्याच्या अखेरीस मिळाले. तरी रोग हा रोग आहे, त्याला शिक्षा समजू नका, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीत सांगून ठेवले. त्यांच्यानंतर ही जागा एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘मर्दानी कमजोरी’च्या पाट्या रंगवणाऱ्यांनी बळकावली, हा आपला दोष.

पुस्तक कोणत्याही प्रकरणापासून वाचता येईल. जनुक, प्रथिन, वितंचक या शब्दांना बिचकणाऱ्यांनी आधी परम्याचे प्रकरण घ्यावे, ते सर्वांत सोपे आहे. आशाताई, परिचारिका आणि बारावीला जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक यांच्यासाठी ते मुख्यतः लिहिले आहे. शिक्षकांना विनंती : तो धडा वर्गात मोठ्याने शिकवा, मुलामुलींना एकत्र बसवून. आणि ज्याला स्वतःबद्दल शंका असेल त्या वाचकाने पुस्तक संपवायची वाट पाहू नये. सिव्हिल हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये आणि आयसीटीसी या एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात तपासणी मोफत होते, नाव बाहेर जात नाही, आणि १०९७ हा क्रमांक फिरवला तर फोनवर मराठीत विचारता येते. जाताना जोडीदारालाही बरोबर न्यावे.